तिसरी थेई

दवाखान्यात हल्ली मी एकटाच जातो. आज शेजारच्या खुर्चीत कथक शिकवणाऱ्या बाई प्लास्टरमधला पाय पुढे करून बसल्या होत्या. लेक सोबत होती.

“आई, रविवारी तुझ्या जागी मी नाही नाचणार. लोक तुला बघायला येतात.”

“येऊ देत. तुला बघून जातील.”

“तिहाई चुकते गं. तोच बोल तीनदा घ्यायचा, पण तिसऱ्या थेईला समेवर पाय पडायला हवा, माझा आधीच पडतो.”

“ऊठ, इथेच कर. मी बोल म्हणते. प्लास्टर पायाला आहे, जिभेला नाही.”

“सगळे बघतायत!”

“रविवारी काय डोळे मिटून बसणार आहेत?”

“नंबर सात! आजी, आत चला,” कंपाउंडरने हाक मारली.

“थांब रे, लेक समेवर येतेय. तिगदा दिगदिग थेई, तिगदा दिगदिग थेई, तिगदा दिगदिग थेई!”

दोघींचे पाय एकदम आपटले.

“आई, प्लास्टर!”

“डॉक्टरांना सांगू नकोस. रविवारी लोकांना मी सांगते, ही माझी लेक.”