गाडी रुळवायचा मान

हे मी सांगायचं नाही असं ठरलंय, दादा. घरून निघतानाच बाबांनी बजावलं होतं, की वेनिंग, मेकॅनिकने काही विचारलं तर ‘मला माहीत नाही’ म्हणायचं. पण आत्ता आईने तुमच्यासमोर ‘माझाच हात जड आहे’ म्हणून मान खाली घातली, आणि तुम्ही ते खरं धरून वॉरंटीच्या कार्डावर लिहायला निघालात — थांबा ना जरा. पेन ठेवा. ते सगळे बाहेर चहा पितायत, थोरले काका बोलायला लागले की अर्धा तास कुणी उठत नाही. तुम्ही तो पिस्टन बघा आधी. एवढे ओरखडे चाळीसच्या वेगाने पडतात का? तुम्हीच सांगा. नाही ना? मग तुम्ही तिला उलट का नाही विचारलंत? हो, हो, गिऱ्हाईक स्वतःच म्हणतंय तर आपण कशाला — सगळे असंच म्हणतात. आमच्या घरात तर सगळेच.

माझी आई कशी गाडी चालवते माहितीये? करांगपांदानच्या बाजारात विचारा कुणालाही. नऊ वर्षं तिने पाठीवर टोपली बांधून जामू विकलं, काढ्याच्या आठ बाटल्या, हळद-चिंचेचं वेगळं, तांदूळ-कचोरमुळीचं वेगळं. आता गुडघा वाकत नाही तिचा, जिना उतरताना आडवी उतरते, म्हणून ही दुचाकी. तर त्या गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पाचशे किलोमीटरपर्यंत चाळीसच्या वर नाही, ओझं नाही, एका दमात चढ नाही. दर दहा किलोमीटरला ती थांबायची. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून इंजिनाजवळ हात धरायची — लहान मुलाला ताप आलाय का बघतात ना, तसा. माझ्या वर्गातली पोरं सायकलवरून तिच्या पुढे जायची, ओरडायची, “मावशी, गाडी चालवताय की वरात काढताय?” मला एवढी लाज वाटायची, मी दप्तर तोंडापुढे धरायचे. आणि ती हसायची. म्हणायची, “वेनिंग, बाळ रांगतंय अजून, पळवायचं कशाला?”

आणि अशा बाईचा हात जड!

पण ते नंतरचं झालं. आधीचे आठ दिवस गाडी आमच्याकडे नव्हतीच. नाही, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नसणार. लाल-पांढरी खीर शेजारी वाटून झाली, चाकांवर फुलांचं पाणी शिंपडून झालं, आई डोक्याला रुमाल बांधून तयार — नवा घेतलेला, हिरवा — आणि काका पायरीवरून उठले. म्हणाले, “घरात नवी वस्तू आली की पहिला हात थोरल्याचा. रुळवून देतो मी तुम्हाला.” झालं. बाबांनी दोन्ही हातांनी किल्ली दिली. दोन्ही हातांनी! काकांनीच बाबांना लहानाचं मोठं केलंय, ते मान्य आहे मला. पण गाडी आईची होती ना? आईने रुमाल सोडला आणि रिकामे वाडगे गोळा करायला लागली. मला तेव्हाच ओरडायचं होतं. पण मी कुठे ओरडते — मी तर वर्गात हजेरीलासुद्धा एवढ्या हळू बोलते की बाई दोनदा नाव घेतात.

काय रुळवलं त्यांनी सांगू? लावू डोंगराच्या उतारावर त्यांचं गाजराचं शेत आहे. शेणखताची पोती चढवली त्यांनी. एका खेपेला दोन पोती, पहिल्या गिअरमध्ये, वरपर्यंत. रोज. आठ दिवस. इंजिन असं किंचाळायचं की बांधावरच्या कोंबड्या पळायच्या. आणि करपल्याचा वास. मी म्हटलं, “काका, वास येतोय.” तर म्हणे, “नवा रंग आहे, पोरी, तापला की वास येतोच.”

मला कसं माहीत? मी... मी होते ना. रविवारी. पोती घसरतात म्हणून त्यांनी मला वर बसवलं होतं. म्हणजे दोन पोती आणि वर माझे बेचाळीस किलो. बघू नका असं. मला मजा वाटत होती, खरं सांगते. खालचं सगळं दिसत होतं, वारा होता, आणि काका गाणं म्हणत होते.

आणि आता सांगितलंच आहे तर — ती केबल. स्पीडोमीटरची. तिच्या नटावर पकडीचे ओरखडे आहेत, बघितलेत तुम्ही, मला माहितीये, मघाशी तुमचं बोट तिथे थांबलं होतं. पहिल्याच दिवशी काढली होती त्यांनी. फसवायला नाही, त्यांना खरंच तसं वाटतं! म्हणाले, “आकडा फिरला नाही की गाडी नवीच राहते. पाचशे होईपर्यंत जपायची असते ना, मग पाचशे होऊच द्यायचे नाहीत.” सगळे हसले होते, बाबासुद्धा. गाडी परत आली तेव्हा आकडा एक्केचाळीस. आणि रविवारी उतरल्यावर केबल परत जोडली, तेव्हा तो नट कुणाच्या मुठीत होता? माझ्या. “धर गं, हरवू नको.” मी धरला. हरवला नाही.

आईला कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला? सीटखाली खत होतं. दात घासायच्या जुन्या ब्रशने तिने काढलं, एकटीने, मागच्या अंगणात. मी दारातून बघत होते. तिने वर बघितलं आणि म्हणाली, “ब्रश टाकून दे,” बस्. मग तीनशे बाराव्या किलोमीटरला, बाजाराच्या चढावर, इंजिन जाम होऊन ती पडली, रस्ताभर पिवळं जामू, तोच गुडघा फुटलेला — आणि काका चहाच्या टपरीवरून मोठ्याने म्हणाले, “तरी मी म्हटलं होतं, बाईच्या हाताला यंत्र मानवत नाही.” चार माणसं हसली. मी होते तिथे. मी बाटल्या उचलत होते.

आणि आता ते काय म्हणतायत माहितीये? कंपनीने नाकारलं तर दुरुस्ती मी करतो, पण मग गाडी माझ्या अंगणात राहील. पार्तिनाला, म्हणजे आईला, नाही झेपायची. म्हणजे परवापासून टोपली. त्या गुडघ्यावर! आणि आई काय म्हणाली? “थोरल्यांचं बरोबर आहे.” मला काकांचा राग येतो, पण तिचा — तिचा एवढा येतो ना, की मी दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाही. आणि तिने तेही विचारलं नाही.

म्हणून म्हणते, तुम्ही लिहा. तुम्ही परके आहात, तुम्हाला चालतं. ‘आधीच्या ओझ्याने इंजिन जळालं’, एवढंच. कुणाचं नाव नको.

काय? मी? मी बोलायचं, सगळ्यांसमोर? ईदला आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून त्यांची माफी मागतो, माहितीये ना — आधी बाबा, मग आई, मग मी. मी कसं... नाही, तुमचं खरं आहे. तुम्ही लिहिलंत तरी ते म्हणतील, ओझं तिनेच वाहिलं असेल. बघितलेलं कुणी नाही. मीच आहे.

बरं. मग आधी नटाचं सांगते, म्हणजे माझी चूक आधी. मग त्यांना चुगली म्हणता येणार नाही. मग पोती. आईकडे बघणार नाही मी, तिने मान हलवली की माझं तोंड — हो काका! आले! ऐकलात माझा आवाज? बघा कसा गोड निघतो लगेच. कार्ड भरू नका, दादा, मी बोलेपर्यंत पेनला हात लावू नका, तुम्ही फक्त तो पिस्टन घेऊन माझ्या — हो काका, आले म्हटलं ना! मी फक्त यांना