तिठ्यावरून न हलणाऱ्या इसमाबाबत

जबाब देणार : स्त्री, वय ४७ वर्षे, धंदा मोटारसायकलींची सीटकव्हरं, बॅगा व तंबू शिवणे, राहणार बेकरीच्या वरचा मजला, बाजारामागचा रस्ता. ओळखीतले सगळे मला टाचणी म्हणतात. का म्हणतात असं विचारल्यावरून सांगते की, माझं बोलणं टोचतं म्हणून. ते लिहायची गरज नव्हती, पण लिहिलंच आहे तर राहू द्या.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी नवरा व सासरे यांच्यासह राहण्यास आहे. नवरा विम्याच्या ऑफिसात आहे. अपघातात मोडलेल्या गाड्यांचे फोटो तपासणं हे त्याचं काम. दिवसभर तेच बघून तो घरी येतो, त्यामुळे दोन चाकांवर बसलेला माणूस दिसला की हा आधी त्याच्या हेल्मेटचा पट्टा बघतो. सासरे, वय ७६, लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त. त्यांना घरात आणि बाहेर सगळे बाबाच म्हणतात. मला मोटारसायकल बाबांनी शिकवली. नवऱ्यालाही शिकवायला घेतलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांच्या कुंपणात शिरला आणि त्याने कानाला खडा लावला.

बाबांना विस्मरणाचा आजार आहे काय, असं विचारल्यावरून सांगते की, अजिबात नाही. मी त्यांच्या चहात एकदा साखर विसरले होते, ते त्यांना अजून आठवतं. आठवड्यातून एकदा मलाही आठवण करून देतात.

मग ते तिठ्यावर भर उन्हात चार तास का उभे होते, आणि पोलीस न्यायला आल्यावरही "माझं माणूस यायचंय, मी हलणार नाही" असं का म्हणत होते, हे नीट कळण्यासाठी आधी आमची फिरण्याची रीत सांगावी लागेल. साहेबांनी थोडक्यात सांगा म्हटलं आहे. थोडक्यातच सांगते.

आम्ही सात गाड्या मिळून फिरतो. सगळ्यात पुढे कॅप्टन. कॅप्टन म्हणजे शाळेची बस चालवणाऱ्या बाई. चाळीस पोरांना गप्प बसवायची सवय असल्यामुळे आम्ही सहा जण त्यांना किरकोळ वाटतो. सगळ्यात शेवटी मी, पिवळं जाकीट घालून. शेवटच्या गाडीला आम्ही शेपूट म्हणतो. साहेब हसले तरी चालेल, शब्द तोच आहे, तोच लिहा. आता रस्त्याला वळण आलं की कॅप्टन डाव्या हाताने जमिनीकडे बोट दाखवतात. त्यांच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथेच थांबायचं आणि मागून येणाऱ्यांना वाट दाखवायची. याला आम्ही वळण धरणं म्हणतो. सगळे गेले, शेवटी शेपूट समोरून हॉर्न वाजवत गेलं, की वळण धरणारा सुटला. तोपर्यंत हलायचं नाही. पाऊस असो, ऊन असो, भूक लागो. या एका गोष्टीमुळे आमचा माणूस आजवर कधी चुकलेला नाही. गोगलगायसुद्धा नाही. गोगलगाय म्हणजे आमचे बिस्किटांचे दुकानदार. त्यांना तंबू गुंडाळायलाच तास लागतो आणि त्यातही एक खुंटी मागे राहतेच.

काल आम्ही निघालो. पहिला मुक्काम तळ्याकाठी होता. तंबू घोरण्याच्या क्रमाने लावतो, कमी घोरणारे पाण्याच्या बाजूला आणि बाबा सगळ्यात लांब, झाडांच्या पलीकडे. सकाळी हँडलवर मोजे वाळत टाकलेले, एका पातेल्यात सगळ्यांचा चहा, गोगलगायने आणलेली मोडकी बिस्किटं. दुकानात विकली न जाणारी ती आमच्या वाट्याला. बाबांनी कॅप्टनच्या गाडीची साखळी तपासली आणि "बसचीही एवढीच काळजी घेता ना हो?" म्हणून त्यांना चिडवलं. कॅप्टन म्हणाल्या, "बसमध्ये पोरं असतात बाबा, इथे तुम्ही आहात. पोरं बरी." हे तपासाच्या कामाचं नाही असं साहेबांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं आहे की कामाचं आहे. विसरभोळा माणूस असा तोंडाला तोंड देत नाही.

आता नवऱ्याबद्दल. निघण्याआधी घरात खडाजंगी झाली होती. नवरा म्हणाला, "बाबा, आता पुरे. मला एकदा जरी फोन आला की तुमचं असं झालं नि तसं झालं, तर परत आल्यावर गाडी विकायची. कबूल?" बाबा जेवत होते. ते म्हणाले, "कबूल." एवढंच. पुढचा घास मात्र त्यांनी बराच वेळ चावला. मला नवऱ्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी हं आणि नाही एवढंच बोलले. तरी खरं सांगायचं तर त्याचंही चुकत नव्हतं. रोज ते फोटो बघायचे आणि घरी आपला बाप हेल्मेट पुसत बसलेला बघायचा. कुणाचाही जीव टांगणीला लागेल.

आज सकाळी तळ्याकाठून निघून वरच्या माळावर दुसरा मुक्काम करायचा होता. वाटेत हा तिठा येतो. तिथे कॅप्टनच्या मागे बाबा होते, म्हणून वळण बाबांनी धरलं. मी मात्र तिठ्याच्या बरीच अलीकडे थांबले होते. रस्त्याच्या कडेला एक नवराबायको मोटारसायकल घेऊन उभे होते, क्लचची तार तुटलेली. थांबलेल्या गाडीवाल्याला ओलांडून पुढे जायचं नाही, हीही आमची रीतच आहे. माझ्याकडे जादा तार होती. ती बसवायला फार वेळ गेला, कारण तो नवरा मदत करत होता. शेवटी त्याच्या बायकोने त्याला सावलीत बसवलं, तेव्हा काम झालं.

निघताना तिनेच सांगितलं की कालव्याच्या कडेने नवीन रस्ता झालाय, माळावर लवकर पोचाल. मी विचार केला, आमचे सगळे कधीच पोचले असतील, तंबूही लागले असतील, आता कोण कशाला वळणावर थांबतंय! आणि मी कालव्याच्या रस्त्याने गेले. झाली गोष्ट एवढीच. शेपूट दुसऱ्या वाटेने गेलं. जी चूक नवशिकाही करत नाही ती मी केली, आणि ज्यांनी मला हा नियम शिकवला त्यांच्याबाबतीत केली. लिहा. अगदी असंच लिहा.

(येथे जबाब देणार यांनी पाणी मागितले. पाणी देण्यात आले.)

माळावर पोचले तर कॅप्टन चुलीला दगड लावत होत्या. त्यांनी विचारलं, "बाबा कुठायत?" मी म्हटलं, "तुमच्याबरोबर ना?" त्या म्हणाल्या, "तुझ्याबरोबर ना?" दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटत होतं शेपूट आणि बाबा मिळून येतायत, मागे काही दुरुस्ती चालली असेल. बाबा गाडी चालवताना फोन जवळ ठेवत नाहीत. म्हणतात, तो वाजला की अर्धं डोकं तिकडे जातं. आणि तिठ्यावर फोनला रेंजही नाही. माळावर मात्र आहे. माझा फोन पिशवीतून काढला तर नवऱ्याचे कॉलच कॉल येऊन पडलेले, आणि या ठाण्याचा एक. मी ठाण्याला उलट फोन लावला. बाबा इथे आहेत, धडधाकट आहेत, असं कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण पाठोपाठ डोक्यात आलं की नवऱ्याला फोन गेला. म्हणजे गाडी गेली.

मी आणि कॅप्टन कालव्याच्याच रस्त्याने सरळ इथे आलो, त्या वाटेवर तिठा लागत नाही. बाबा बाकावर पंख्याखाली बसून गोगलगायची बिस्किटं खात होते. मी "बाबा" म्हटलं, तर त्यांनी मान फिरवली. माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून म्हणाले, "शेपटाला म्हणावं, हॉर्न ऐकू आला नाही." मला रडू आलं आणि हसूही आलं. नवरा कुठे आहे असं मी विचारलं तेव्हा अंमलदार म्हणाले, "आलेत, जवळच आहेत. आधी जबाब द्या." मला वाटलं, बाहेर कुठे तरी फेऱ्या मारत माझ्यासाठी भाषण तयार करत असेल.

साहेबांनी मला त्यांच्यासमोरचा कागद वाचून दाखवला. एका बसवाल्याने येऊन सांगितलं की एक म्हातारे गृहस्थ तिठ्यावर एकटे उभे आहेत. हवालदार जीप घेऊन गेले. "सदर इसम कोणाची तरी वाट पाहत असल्याचे सांगतो, कोण ते सांगत नाही, जागा सोडण्यास नकार देतो, विस्मरण झाल्याचे दिसते" असं त्यात आहे. ही नोंद गेली तर लायसन्स तपासणीला जाईल असंही साहेबांनी सांगितलं.

यावर माझं म्हणणं असं की, कोणाची वाट बघतोय हे त्यांनी सांगितलं होतं. हवालदारांनी ते ऐकलं नाही. बाबा म्हणाले, "मी शेपटाची वाट बघतोय." हवालदारांना वाटलं, ऊन लागलंय. त्यात हवालदारांचाही दोष नाही, मीही नवीन असताना हसले होते. पण ज्या माणसाला आपण कुठे उभे आहोत, का उभे आहोत आणि किती वेळ उभं राहायचंय हे तिन्ही माहीत आहे, त्याला विस्मरण कसलं? विसरले असते तर कधीच निघून गेले असते. उलट चार तास ज्याचं डोकं ठिकाणावर राहिलं तो एकटा तोच. लिफ्ट अडकली की आतली माणसं बाहेर येईपर्यंत हे जेवायला जात नसत, आतल्यांना बाहेरून विनोद सांगत बसत. तोच स्वभाव आहे. त्याला आजार म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग मला सगळ्या घराला तो झालेला हवाय.

साहेबांनी विस्मरण हा शब्द माझ्यासमोर खोडला. मी त्यांचे आभार मानते.

त्यानंतर साहेबांनी बाबांना सांगितलं, "आजोबा, तुम्ही सुनेबरोबर जाऊ शकता." बाबा बाकावरून उठले नाहीत. म्हणाले, "असं कसं जाऊ? माझं वळण अजून सुटलेलं नाही." साहेब म्हणाले, "अहो, पण तुम्ही तर इथे आहात! तिथे कोण आहे?"

बाबा म्हणाले, "माझा मुलगा."

हे ऐकून मी खुर्चीतून उठले. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा दारातले हवालदार पुढे झाले आणि म्हणाले ते असं : "साहेब, यांच्या गाडीच्या विम्याच्या कागदावर मुलाचा नंबर होता, ठाण्यात येऊन त्यांना फोन केला, ते गाडी घेऊन थेट तिठ्यावरच आले. आल्या आल्या वडिलांवर ओरडले, मग मिठी मारली, मग परत ओरडले. मी म्हटलं, आजोबांना जरा ठाण्यात सावलीत बसवू. आजोबा म्हणाले, येतो, पण वळण कोण धरणार? मी म्हटलं, मी धरतो. तर म्हणाले, तुम्ही आमच्यातले नाही. मग मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही जा, मी उभा राहतो. बायको माझीच आहे, तिला मी ओळखतो." हवालदार पुढे म्हणाले, "मघाशी बिस्किटांचा पुडा आणि पाणी द्यायला गेलो तर म्हटलं, बसा की गाडीत, एसी लावा. तर मलाच दटावलं. म्हणे, गाडीत बसल्यावर तिला दिसणार कसा? आणि तुम्ही जरा बाजूला व्हा, वळण झाकलं जातंय."

कॅप्टन तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मला हसू येईना. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. दर सहलीहून परत आले की नवरा आतल्या खोलीतून विचारतो, "आलीस?" खालच्या दारापर्यंत यायचा नाही, कारण दारात गाडी असते. तो माणूस आज माझी वाट बघत रस्त्यावर उभा आहे, आणि मी इथे वय आणि धंदा सांगत बसले आहे.

गाडी विकण्याचं काय ठरलं, असं बाबांना साहेबांनीच विचारलं. बाबा म्हणाले, "ते मी त्यालाच विचारलं निघताना. तर म्हणाला, ते नंतर बघू, आधी मला सांगा, डाव्या हाताने दाखवायचं की उजव्या?"

बाबांची गाडी तिठ्यावरच आहे, म्हणून मी आता बाबांना मागे बसवून तिठ्याकडे निघत आहे. कालव्याच्या रस्त्याने नाही, मागे जाऊन जुन्या रस्त्याने, जिथून यायला हवं होतं तिथून. पिवळं जाकीट घातलेलं आहे. हॉर्न चालू आहे की नाही हे ठाण्याच्या आवारात वाजवून पाहिलं, त्याबद्दल अंमलदारांनी समज दिली, ती मान्य.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, एक हातमोजा घालून उभ्याने ऐकला, मी सांगितला तसाच आहे. सही केली आहे. आणखी काही विचारायचं राहिलं असेल तर उद्या विचारा. आज माझं माणूस उन्हात उभं आहे.