माशासाठी शिळं पाणी

अरे, आमच्या अकोल्यात नळ आला का माय घरातलं सारं शिळं पाणी फेकते अन् ताजं भरते. परवा तिनं गोल्डफिशच्या काचेच्या टाकीतलंबी पाणी बदललं. थोड्याच वेळात मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करून राहिला. पोरगी रडाले लागली. मी माशाच्या दुकानवाल्याले फोन लावला.

तो म्हणे, "नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असते, त्यानं मासा मरते. भरून ठेवलेलं शिळं पाणी टाका."

घरात शिळ्या पाण्याचा थेंब उरला नोता. माय बादली घेऊन शेजारच्या निर्मलाबाईकडं पळाली.

"बाई, पाणी द्या वो."

"आताच तं नळ आला!"

"ताजं नोको, शिळं द्या."

सांजेपर्यंत मासा पोहाले लागला. निर्मलाबाई मात्र मले इचारते, "कोन पाहुना आला होता रे, त्याले शिळं पाणी पाजलं?"