साडेचार फुटांचा फुटपाथ

—नाही नाही, खाली वाकू नका, पायरीवर पाय ठेवून बांधा नाडी, मी मागे सरकतो — हं, एवढं पुरे. दुकान तसंही बंदच आहे, साथीत कपडे कोण शिवून घेतंय, मास्क तेवढे शिवतो. हिरवे बूट. रोज सकाळी तुम्हीच धावता ना इथून? अहो ताई, घाबरता कशाला, भांडायला नाही थांबवलं — म्हणजे मागे भांडलो, ते वेगळं. हा फुटपाथ भरतो साडेचार फूट. टेप लावून मोजलाय, शिंपी आहे मी. आणि अंतर ठेवायचं सहा फूट! मग कोणीतरी रस्त्यावर उतरायला हवं की नको? तुमचे पाय धडधाकट, तुम्ही उतरायचं — आमची ही कशी उतरणार? छातीचं दुखणं, त्यात डाव्या कानानं ऐकू येत नाही, मागून कोणी धापा टाकत आलं तर तिला कळणार कसं? डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं चालवा, नाहीतर जड जाईल. चालवत होतो की. ती पुढे, मी मागे.

आता नाही येत ती. मनगट मोडलं त्याला तेवीस दिवस झाले, दाराबाहेर पाऊल नाही. खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकली तरी दम लागतो. म्हणते, त्या पळणाऱ्या बाईनं ढकललं मला. मागून झालं ना सगळं, पडल्यावर मान वळवली तर समोर तुम्हीच. सगळ्या गल्लीत तेच झालंय — लोक बोलतात ना तुम्हाला? खिडकीतून ओरडतात? ऐकतो मी. ऐकतो आणि गप्प बसतो.

तुम्ही तरी बोला ना काहीतरी! तुम्ही होतातच की तिथे. चांगलं लांबूनच रस्त्यावर उतरला होतात, हातसुद्धा वर केला होतात. दिसलं मला — पण उशिरा दिसलं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेनं माप सांगतो मी, चाळीस वर्षांत अर्धा इंच चुकलो नाही — आणि त्या दिवशी बुटांचा आवाज आला, वळलो, वाटलं, आलीच ही अंगावर! दोन्ही हातांनी लोटलं आमच्या हिला भिंतीकडे. जोरात. नंतर टेप घेऊन एकटाच आलो, तुम्ही होतात तिथून भिंतीपर्यंत मोजलं. सव्वासात फूट.

सांगायला हवं तिला. खरं कळलं तर तिच्या मनातली तुमची भीती जाईल, उतरेल खाली — पण मग माझ्यापुढे कशी चालेल ती? मी मागे असताना? रोज औषध देताना ठरवतो, आज सांगायचंच, तोंड उघडतो आणि विचारतो, पाणी कोमट करून देऊ का. लाज वाटते हो. तुम्हीच येता का वर? — नको, नको, तुम्ही कशाला. इथूनच हाक मारतो तिला, तुमच्यादेखत सांगतो, आत्ताच—

काय गं? ...हो, इथेच आहे, खालीच. ...कोणी नाही गं, पत्ता विचारतायत.

जा ना ताई, उभ्या काय राहिलात? आणि हे बघा — उद्यापासून पलीकडच्या बाजूनं पळा.