त्रेचाळीस किलोची जागा

"मुलगी कशी का असेना गं, त्रेचाळीस किलो आहे, आपल्याला तेवढं पुरे."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या, हात पिठात, म्हणून फोन ओट्यावर स्पीकर लावून ठेवलेला, आणि मी पाणी प्यायला म्हणून दारापर्यंत आलेली. लग्नाला चार दिवस झालेले, म्हणजे या घरात ग्लास कुठे असतात तेही अजून मला विचारावं लागत होतं... आणि पलीकडून मावशी म्हणतायत, "भरेल हं पण नंतर. मुली भरतात लग्नानंतर." आणि सासूबाई म्हणतायत, "भरू देईन तर ना."

आता मला सांगा, आपल्यातलं या लोकांना काय आवडलं असेल याचा माणसाला काहीएक अंदाज असतो की नाही? शिक्षण, डोळे, गेला बाजार शांत स्वभाव... शांत स्वभावावर तर माझा फार भरवसा होता. आणि इथे कळतंय, वजन आवडलं.

नवऱ्याला विचारलं. नवरा माझा खोटं बोलत नाही, फक्त खरं बोलण्याआधी मोजे शोधायला लागतो. त्या दिवशी त्याने घरातले सगळे मोजे शोधले, जोड्या लावल्या, आणि मग सांगितलं.

तर तुम्हाला सांगते, सासरे आणि नवरा दोघंही एकाच कारखान्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या. त्या कारखान्यात गेल्या काही वर्षांत माणसं हळूहळू रुंद झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळीच झाली. मग कंपनीच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर दोघंच मावायला लागले, म्हणून आणखी एक बस आली. गणवेश शिवणाऱ्याने कळवलं की कापड जास्त लागतं, दर वाढवा. कँटीनच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागचे पाय फाकवून बसायला लागल्या, मग लोखंडी आणल्या. आणि दर सोमवारी कुणाची पाठ, कुणाची शुगर, कुणाचा गुडघा घरी. शेवटी विमा कंपनी म्हणाली, पुरे. यापुढे मोठी ऑपरेशनं आम्ही करून देणार ती फक्त अशा कुटुंबांची, ज्यांचं सरासरी वजन माणशी ऐंशी किलोच्या वर नाही.

माणशी सरासरी. या शब्दात केवढी सोय आहे बघा. सरासरी कुणाचीच नसते. सासरे म्हणणार माझी उंची बघा, नवरा म्हणणार माझी हाडं जड आहेत, दीर म्हणणार माझं सगळं वजन स्नायूंचं आहे, आणि सरासरी बिचारी तशीच बसून राहणार.

आणि ऑपरेशन कुणाचं? सासूबाईंचं. दोन्ही गुडघे. स्वयंपाकघरात त्या स्टुलावर बसून सगळं करतात, आणि उठायचं झालं की आधी फ्रिजचा दांडा धरतात, मग ओट्याची कड, मग एक लांब श्वास, मग उठतात. डॉक्टर म्हणतात, गुडघे सुधारायला वजन उतरवा, वजन उतरवायला चालत जा. चालायला गुडघे हवेत. त्या विचारतात, "मग मी आधी कुठून सुरू करू, डॉक्टर?" डॉक्टर पुढचा पेशंट बोलावतात. स्वतःच्या खर्चाने करावं तर ते घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे विमा नाही तर फ्रिजचा दांडा, एवढंच.

आता माझे सासरे. ते कारखान्याच्या फाटकाशी वजनकाट्यावर आहेत. ट्रक रिकामा आला की त्याचं वजन, भरून निघाला की त्याचं वजन, तीस वर्षं हेच. त्यांनी घरातल्या चौघांची बेरीज केली, तीनशे सत्तावन्न. पाच माणसांना चारशे चालतात. म्हणजे घरात एका माणसाची जागा रिकामी होती, आणि ती जागा बरोबर त्रेचाळीस किलोची होती. मला वाटलेलं, पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा हे गृहस्थ माझ्याकडे किती मायेने बघतायत, वरून खाली, खालून वर... माया कसली, काटा लावत होते.

बरं, जागा भरली. आता ती त्रेचाळीसची त्रेचाळीस राहिली पाहिजे ना? म्हणून पथ्य सुरू झालं. आणि पथ्य कुणाला? मला.

टेबलावर चार ताटं भरलेली आणि पाचव्यात काकडी. सासूबाईंचा हात मोठा, तेलाला मोठा, साखरेला त्याहून मोठा, आणि चव अशी की नुसत्या वासाने माणूस ताट घेऊन बसतो. आणि मला सूप. सूप म्हणजे तरी काय, ज्याच्यातून भाजी नुसती फिरून गेलीय असं पाणी. दीर समोर बसून माझ्याकडे बघत बघत तिसऱ्यांदा वाढून घेणार आणि म्हणणार, "वहिनी, तुमची कमाल आहे हां, केवढा तो संयम. आपल्याला नाही जमणार बुवा." सासरे म्हणणार, "एका काकडीचे साधारण दोनशे ग्रॅम. एकच घ्या सूनबाई." नवरा मला चोरून अर्धं बिस्किट आणून देणार, आणि देताना उरलेलं अर्धं स्वतः खाणार, कारण काय तर पुरावा राहायला नको.

आणि गंमत तुम्हाला सांगते. माझ्या वाटणीचं जे मी खात नव्हते, ते वाया जाऊ द्यायचं का? या घरात अन्न टाकत नाहीत. मग ते कोण खाणार? हेच चौघं. माझ्या ताटातून जे कमी व्हायचं ते त्यांच्या ताटात जायचं, म्हणजे घरातलं वजन घराबाहेर पडतच नव्हतं, नुसतं या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाऊन बसत होतं. हे दुसऱ्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं. पण नवी सून, शांत स्वभाव... बोलणार कोण?

शेजारच्या बाई म्हणायच्या, "सासरी सुकलीस गं, त्रास आहे का?" काय सांगू? त्रास नाही हो, सासूबाईंना माझी दया येते. खरंच येते. एकदा भांडी आवरताना त्यांनी कढईला लागलेलं खरवडून एका वाटीत काढलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "चटकन खा. मी बघत नाहीये." आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. उभ्या, म्हणजे फ्रिजचा दांडा धरून. मी एक घास खाल्ला. मग वाटी परत सरकवली. मी म्हटलं, पोट भरलं. संध्याकाळी तीच वाटी दिराने पुसून खाल्ली.

सोफ्याचा मधला भाग खाली गेला म्हणून सुतार आला, पट्ट्या बदलून गेला. नवऱ्याच्या पँटी कमरेत सैल करून आणल्या. सासऱ्यांच्या स्कूटरचे मागचे स्प्रिंग बदलले, मेकॅनिक म्हणाला, काका, मागे कोण बसतं? काका म्हणाले, कुणीच नाही. घरात रोज काहीतरी दुरुस्तीला, रोज काहीतरी सैल करायला, आणि पथ्य कुणाला? मला.

आणि मग उजाडला वजनाचा दिवस. कारखान्याचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक पडदा, एक काटा आणि एक नर्सबाई. आम्ही पाचजण रांगेत. सासऱ्यांनी आधी काट्याला प्रदक्षिणा घालून तपासलं, "रिकामा असताना शून्य दाखवतो ना?" नर्सबाई म्हणाल्या, "काका, हा ट्रकचा नाही." नवऱ्याने पट्टा काढला, दिराने घड्याळ काढलं, मग विचार करून चष्माही काढला आणि काट्याऐवजी शेजारच्या बादलीत पाय ठेवला.

सासरे शहाण्णव. सासूबाई एकोणनव्वद. नवरा पंच्याण्णव. दीर पंच्याऐंशी. मी एक्केचाळीस. मी दोन किलो उतरले होते, हो, आणि बाकीच्यांनी मिळून आठ चढवले होते.

"बेरीज चारशे सहा," नर्सबाई म्हणाल्या. "सहा किलो जास्त. महिनाभराने शेवटची संधी आहे, तोवर घरातून सहा किलो कमी करून या."

घरातून. आणि घराने काय केलं? सगळ्या घराने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"एक्केचाळीसातून सहा गेले, पस्तीस," सासरे म्हणाले.

"वहिनी, पस्तीस जमतील का हो?" दिराने चष्मा घालत विचारलं. "दोन महिन्यांत दोन केलेत म्हणजे तुमच्यात आहे ते."

"काकडी बंद केली तर..." सासरे हिशोबाला लागले.

नवरा वाकून मोजे शोधत होता. मोजे पायातच होते.

आणि सासूबाईंनी? नर्सबाईंच्या टेबलाची कड धरली, एक लांब श्वास घेतला, उठल्या, आणि म्हणाल्या, "पुरे झालं. पोरीची काडी झालीय. माझे गुडघे आहेत तसे आहेत, चला घरी, मी काहीतरी गरम करते सगळ्यांना."

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात माझा आवाज सगळ्यांना एकदम ऐकू गेला.

"आई, तुम्ही बसून राहा," मी म्हटलं. "महिनाभर पाचही जणांचा स्वयंपाक मी करते. लग्नाआधी आमच्या घरी मीच करायचे, आणि माझ्या हातचं दुसऱ्यांदा वाढून घेणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही."