तोच फोटो मीपण टाकला

माहेर माझं तलासरीकडचं, दिलं इकडं डहाणूच्या पाड्यावर. बापाची शेती पावसापुरती, बाकी दिवस आईबाप नरपडला वाडीत चिकू तोडायला, त्यातून मी कशीबशी दहावी झाली आणि अंगणवाडीत सेविका लागली. वरच्या ऑफिसातून फोन दिला, बोलले पाड्याचा ग्रुप करा, डोस कधी, वजन कधी, ते टाकत जा. मी केला. चांगलं वाटलं हो तेव्हा.

आता केसांचं सांगते, नायतर तुम्हाला कळायचं नाय. आमच्याकडं बाया विंचरताना गळलेले केस टाकत नाय, गुंडाळी करून कुडाच्या फटीत खोचतात, आणि धनजीभाई यायचा सायकलवर, गुजरातकडचा, ते केस घेऊन वाटी द्यायचा, डबा द्यायचा, पोरांना फुगा. मी नवी नवरी होती तेव्हापासून येतो तो. माझ्याच केसांवर माझ्या नातीने फुगा घेतला, आणि माझ्या भावाच्या मुलाने फोटो काढला, धनजीभाई, बाजूला नात, आणि पोत्यातून लोंबणारे केस. शिकलेला हा माझा भाचा, वापीला कंपनीत जातो, इस्त्रीचा शर्ट घालतो. त्याने गंमत म्हणून दोस्तांच्या ग्रुपवर टाकला. पुढं कोणी खाली लिहिलं की हा पोरं पळवतो, पोत्यात पोराचं डोकं हाय. थू! आणि तेच फिरून याच्याकडं आलं तर यानेपण पुढं ढकललं. मी बोलली, अरे तूच काढलास ना फोटो? तर बोलतो, आत्या, सगळेच पाठवत होते. शिसारी आली मला, माझ्याच भावाचं रक्त म्हणायला लाज वाटली.

पण माझंपण ऐका. मी तोच फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, हे खोटं हाय, पोरगी माझी नात हाय. काय सांगू तुम्हाला, अर्ध्या बायांना वाचता येत नाय, त्यांचे अंगठे रजिस्टरात मीच घेते, आणि मी लिहीत बसली! त्यांनी फोटो बघितला आणि बोलल्या, बाईनेपण टाकला, म्हणजे खरंच असणार.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेजारच्या पाड्यावर लोकांनी धनजीभाईला मोहाच्या झाडाला बांधला. मी पळत गेली. तोंडातून रक्त येत होतं, आणि चौघं मारत होते तर दहा जण फोन वर धरून उभे. मी त्याच्यापुढं आडवी उभी राहिली आणि बायांना बोलली, पोत्यात हात घाला. कोणी येईना. मग एक म्हातारी आली, तिने आपली पांढरी गुंडाळी काढली, लाल दोरा बांधलेली, बोलली हे तर माझेच केस. मग दुसरी आली, तिसरी आली. मारणारे खाली बघायला लागले. पण आणखी पाड्यांवरून गाड्या निघाल्या होत्या, म्हणून मी तिथंच फोनात आवाज भरून ग्रुपवर टाकला, आमच्या भाषेत, की मी अंगणवाडीची बाई बोलते, केस माझे हायेत, पोरगी माझी हाय, माघारी जा. म्हातारीपण बोलली. तो आवाज पुढं गेला आणि गाड्या वळल्या. माझा आवाज घराघरांत ओळखतात हो, तोच मी आदल्या दिवशी टाकला असता तर?

आता ग्रुपवर लिखाण नाय, फोटो नाय. काही आलं की त्या गावच्या माणसाला आधी फोन करायचा, मग आपल्या तोंडाने सांगायचं. बायापण आता तसंच करतात. भाचा मात्र रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतो, सुप्रभात. बघवत नाय.

धनजीभाईला मी फोन करते. बेन, वांधा नाय, बोलतो, पण तुमच्याकडं यायला पाय उचलत नाय. विवळवेढ्याच्या देवीआईने सांभाळावं त्याला. मी रोज विंचरते आणि सवयीने गुंडाळी खोचायला जाते. फट कधीच भरली, आता दुसरीत खोचते.