ओट्याची उंची

...आणि वरून मलाच विचारतात, "दगड पक्का आहे ना हो?" अरे, दगड पक्का नसेल तर काय साबण पक्का असेल? तुम्हाला सांगतो, पेन्शनीत निघालेल्या माणसाला ओटा विकण्यापेक्षा म्हशीला चष्मा विकणं सोपं! तरुण गिऱ्हाईक येतं, काळा ग्रॅनाइट बघतं, चकाकतोय बघतं, उचला म्हणतं, संपलं. पण हे रिटायर झालेले! आधी दगडावर नख मारणार, मग नाणं वाजवणार, मग लिंबू घासून डाग पडतो का बघणार... हो, खिशात लिंबू घेऊन येतात! मग बायकोला विचारणार, मग मुंबईच्या मुलाला एसटीडी लावणार, आणि मुलगा इथं लखनौतच वाढलेला, तो तिकडून हिंदीत सांगणार, "पापा, आपको जो ठीक लगे." एवढ्यासाठी मीटर पळवलं! आणि हे सगळं झाल्यावर म्हणणार, "पुढच्या महिन्यात बघू." या वयात पुढचा महिना कोणी बघितलाय? असं मी पूर्वी तोंडावर बोलायचो. आता नाही बोलत.

मी पंढरीनाथ. कराडकडचा. शिक्षण तिसरी, तेही मास्तरला दया आली म्हणून. फौजेत गवंडी होतो, लखनौ छावणीत एकोणीस वर्षं बराकी बांधल्या, सुटलो तेव्हा गावाकडं वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं, मग इथंच आलमबागेत बस अड्ड्याच्या मागं दगडाचं दुकान टाकलं. कडप्पा, कोटा, आणि आता चार वर्षांपासून हा ग्रॅनाइट. आपण दगड विकतो. लोकांच्या घरातलं आपल्याला काय करायचंय?

तर पेठे साहेब. आत्माराम पेठे, रेल्वेत इंजिनिअर होते, सहा फूट उंच, गोमती नगरात घर. आणि त्यांच्या यमुनावहिनी चार फूट आठ इंच, चपलेसकट. दोघं फाटकात उभे राहिले की विजेचा खांब आणि त्याच्याशेजारचं पत्र्याचं खोकं! साहेब डिसेंबरात दुकानावर आले ते हातात गुंडाळी घेऊन. उघडली तर काय, ओट्याचं ड्रॉइंग! समोरून, बाजूनं, वरून. मी म्हटलं, साहेब, खालून राहिलं. नाही हसले. म्हणाले, "पंढरी, तेवीस वर्षं ही म्हणतेय, मला माझ्या मापाचा ओटा द्या. क्वार्टरात सरकारी ओटे, कुठं छातीला लागतात, कुठं गुडघ्याला. मी म्हणायचो, रिटायर झालो की करू. आता करायचाय. तिच्या मापाचा. तीस इंच. लिहून घे." मी म्हटलं, डोक्यात लिहिलं. म्हणाले, "तिथं जागा आहे, हे दिसतंयच."

घ्या! पण मी ऐकून घेतलं. आपण दगड विकतो, आपल्याला काय करायचंय?

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, ओट्याचं माप डोक्यावरून नाही घेत, कोपरावरून घेतात. जो रांधणार त्याला भिंतीशी उभं करायचं, हात काटकोनात, कोपराखाली चार बोटं सोडायची, तिथं रेघ. इंच दोन इंच चुकलं तर जन्मभर पाठ नाहीतर खांदा. म्हणून ड्रॉइंग गेलं चुलीत, मी माप घ्यायला घरी गेलो. साहेब बँकेत गेले होते. वहिनींनी दार उघडलं. अंगात साहेबांचा स्वेटर, आत माणूस आहे की हँगर कळेना, आणि हाताच्या मागं सुयांचे निळे डाग. मी म्हटलं, वहिनी, या भिंतीशी. तर म्हणतात, "पंढरीभाऊ, माझं नका घेऊ. ह्यांचं घ्या."

म्हटलं, साहेब रांधतात?

"ह्यांना लायटर कुठल्या बाजूनं धरायचा ते माहीत नाही. पण लागेलच ना शिकायला." आणि सब्जीत मीठ कमी पडलंय अशा सुरात सांगतात, "मला डॉक्टरनं होळी सांगितलीय. तीही ओढूनताणून. हे ऐकत नाहीत. डॉक्टर होळी म्हणाला की हे त्याला रंगपंचमीचं विचारतात. उतारवयात ह्यांनी माझ्या मापाच्या ओट्यावर वाकून वाकून भाकरी थापायची? छत्तीस इंच करा. ह्यांना सांगू नका."

आता मला सांगा! मी काय डॉक्टर आहे? भटजी आहे? एक माणूस म्हणतो तिच्या मापाचा कर, दुसरं माणूस म्हणतं त्यांच्या मापाचा कर, आणि दोघांनाही ओटा स्वतःसाठी नकोय! एकवीस वर्षं धंदा केला, असलं गिऱ्हाईक बघितलं नाही!

तेवढ्यात साहेब आले. वहिनी डोळ्यांनी खुणावतायत, घ्या, घ्या. मी म्हटलं, साहेब, जरा भिंतीशी उभे राहा, हात असा काटकोनात. "कशाला?" म्हटलं, स्विचबोर्डाची जागा बघायचीय. "स्विचबोर्डाला माझा कोपर कशाला?" म्हटलं, मिक्सर लावताना शॉक लागला तर कोपरापर्यंतच जावा. अहो, जे तोंडात आलं ते! त्यावर या माणसानं मला वीस मिनिटं वीज शिकवली. वीस मिनिटं! पण बोलताना कोपर तसाच काटकोनात, कारण हातानं समजावत होते ना, तेवढ्यात मी पेन्सिलीनं मागं रेघ मारली. वहिनी आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग खोकायला लागल्या. मग खोकला थांबेना, आणि साहेबांची वीज बंद झाली.

काम सुरू केलं. आमचे रमजान मिस्त्री, अस्सल लखनवी, विटेलासुद्धा 'आप' म्हणतील. दोन दिवसांत ओट्याखालच्या विटांच्या भिंती उचलल्या, छत्तीसला सूत लावलं, ग्रॅनाइट बाहेर टेम्पोत. आणि साहेब टेप घेऊन आले. इंजिनिअर तो, टेप घेऊन येणारच! मला वाटलं होतं, वहिनी दोन दिवस त्यांना बाहेर गुंतवतील. कसलं काय!

"हे किती आहे?"

मी म्हटलं, छत्तीस.

"ड्रॉइंगमध्ये किती आहे?"

"तीस."

"अरे गाढवा, सहा इंच? सहा इंच चुकतं माणूस? तिचा हात पोचेल तरी का? तू शिकलायस किती?"

म्हटलं, तिसरी.

"तिसरीत फूटपट्टी शिकवतात!"

तुम्हाला सांगतो, मी सुभेदाराचं ऐकून घेतलेलं नाही, पण खाली मान घालून उभा राहिलो. आपण दगड विकतो, आपल्याला काय... तर दारात वहिनी खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या, त्या शेंगेवरून नजर न उचलता म्हणाल्या, "त्यांना नका बोलू. मीच सांगितलंय छत्तीस."

"तू? अगं, तुझा हात पोचेल का?"

"माझा कशाला पोचायला हवा?"

झालं. त्या घरात चार महिने जे कोणी बोललं नव्हतं ते मटार सोलता सोलता बोलून झालं. साहेबांच्या हातातली टेप सुर्रकन परत डबीत गेली. रमजान मिस्त्रींच्या थापीवर सिमेंट तसंच. मी आपला वाळू बघतोय. वाळूत काय बघण्यासारखं असतं? पण बघतोय. मग मिस्त्री अगदी हळू, अदबीनं म्हणाले, "हुज़ूर, मसाला सूख रहा है."

कारण सिमेंट थांबत नाही हो! माणसं थांबतील.

साहेब म्हणाले, "तीस."

वहिनी म्हणाल्या, "छत्तीस."

"तीस! तोड रे ते!"

"छत्तीस. पंढरीभाऊ, तोडायचं नाही."

दोघं माझ्याकडं बघतायत! अरे मी काय कोर्ट आहे? मी वहिनींकडं बघितलं, त्यांनी साहेबांकडं बघितलं. तर तो सहा फूट माणूस, हनुवटी अशी थरथर थरथर... रेल्वेत म्हणे पूल बांधले त्यानं. वहिनींनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाल्या, "करा हो तीस. ह्यांना वाकायची सवय नाही. लागेल."

सहा इंच विटा उतरवल्या. मिस्त्री एकेक वीट अशी काढत होते, जशी झोपलेल्या पोराच्या डोक्याखालची उशी. दगड बसवला. वहिनींनी पहिला शिरा त्याच्यावर केला, हात बरोब्बर पोचला, मला वाटी दिली. साखर कमी होती. मी बोललो नाही. चाळीस दिवस रांधलं त्यांनी त्या ओट्यावर, शेवटी शेवटी नुसता चहा, तोही दगडाला टेकून. होळीला आठ दिवस असताना गेल्या. डॉक्टर चुकला, पण नको त्या बाजूनं.

मी मे महिन्यात शेजारच्या बंगल्यात पायऱ्यांचा दगड टाकायला गेलो होतो. खिडकीतून दिसलं. साहेब पोळी लाटतायत. पाठीचा पूल झालेला, कमरेला पट्टा, एक हात कमरेवर, एक लाटण्यावर, आता एका हातानं पोळी लाटता येते का? तव्यावर बघितलं तर श्रीलंका! मी आत गेलो, म्हटलं, साहेब, दोन दिवसांचं काम आहे. दगड अलगद उचलतो, खाली सहा इंच विटा घालतो, परत ठेवतो. पैसे नकोत. तर लाटणं उगारलं माझ्यावर! "त्या ओट्याला हात लावलास तर तंगडी तोडीन." बरं, नाही लावत. निघालो तर मागून ओरडतात, "काय ओटा केलायस! माणसाची पाठ मोडते!"

म्हणजे दुरुस्तही करू द्यायचा नाही आणि शिव्याही सोडायच्या नाहीत!

आता परवा आपल्या मराठी मंडळींचं गणपतीचं जेवण होतं. पंगतीत मी, पलीकडं साहेब, पट्टा बांधून, आणि मधे हवाईदलातनं रिटायर झालेले चंद्रकांत आणि लतिकाताई. गोमती नगरातच नवं घर, स्वयंपाकघर करून घ्यायचं, ग्रॅनाइटच हवा, सगळं पक्कं, लिंबूसुद्धा घासून झालेलं. आणि साहेब भर पंगतीत म्हणतात, "याच्याकडून करू नका हो! मी छत्तीस सांगितलं होतं, या अडाण्यानं तीस केला. माझी पाठ बघा."

अख्खी पंगत माझ्याकडं. वरणाचं भांडं घेऊन वाढणारासुद्धा थांबला. साहेबही माझ्याकडंच बघत होते. आणि तुम्हाला सांगतो, त्या नजरेत राग नव्हता. हनुवटी तशीच.

म्हटलं, हो. चुकलं माझं.

लतिकाताई म्हणाल्या, "मग आता वर नाही का करून घेता येत?"

येतो हो! दोन दिवसांत येतो, शेंबड्या पोराला कळेल! पण मी बसलो पानातलं लिंबू पिळत. म्हटलं, नाही ताई. ग्रॅनाइटचं तसंच असतं. एकदा बसला की हलत नाही.

साहेबांनी मान खाली घातली आणि जेवायला लागले.

आता ग्रॅनाइट नको म्हणत अख्खं गोमती नगर ओट्याला टाइल लावून घेतंय. लावा म्हणावं.